सुभेदारांनी हात उचलला नाही

झरी, ता. परभणी
१९ ऑगस्ट १९८५

सुभेदार भगवानराव निकम साहेबांस उमाजीचा जय हिंद.

आपण साताऱ्याला सुखरूप पोचलात असं धरून चालतो. पोचल्याचं कार्ड टाकतो म्हणाला होता, ते अजून आलं नाही. नामांतराच्या मोर्च्यामुळं परभणीच्या गाड्या मधी बंद होत्या, टपालही त्यात अडकलं असेल. म्हणून राग धरत नाही.

एक गोष्ट विचारायची आहे. आडवळणानं विचारणं मला जमत नाही. मी मिलिटरी पोलिसात नोकरी काढली. लाल टोपी घालून छावणीच्या गेटवर उभा राहिलो. कोणाचं बटण उघडं, कोणाचा पट्टा सैल, साहेबाची गाडी दिसली की कोण बूट बांधायच्या निमित्तानं खाली वाकतो, हे बघायचाच मला सरकार पगार देत होतं. तुमा पलटणवाल्यांना आमी लाल टोपीवाले कधी आवडलो नाही, ते मला मालूम आहे. पण पेन्शन घेतली तरी नजर पेन्शनीत निघत नाही.

पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर माझा थोरला भाऊ भुजंग याच्या नावाची शिळा बसवली. झेंडावंदन झालं, मग सरपंच दिनकररावांनी शिळेजवळ ठेवलेल्या त्याच्या फोटोवरचं कापड काढलं. मी सलूट दिला. मास्तरांनी, ग्रामसेवकानं, शाळेच्या पोरींनी, ज्यांना सलूटमधलं काही कळत नाही त्यांनीसुद्धा हात वर केले. कोणाचा पंजा वाकडा, कोणाचा डावाच हात. तुमी एकटे हात खाली ठेवून उभे होता.

डोक्याला टोपी नव्हती म्हणाल तर होती. बिनटोपीचा फौजी सलूट देत नाही, हा नियम मलाही येतो. खांदा दुखत होता म्हणाल तर त्याच हातानं थोडं आधी तुमी तिरंग्याला सलूट दिला. हात लांबच्या रस्त्यानं वर, जवळच्या रस्त्यानं खाली, उस्ताद शिकवतो तसा. मी मनात म्हणालो, म्हातारपणीसुद्धा याला म्हणतात सलूट. मग तुमी सरकून भुजंगच्या फोटोसमोर आलात, मुठी मिटल्या आणि नुसते सावधान उभे राहिलात.

झेंड्याला दिला आणि भुजंगला दिला नाही. का?

जिवंतपणी शिपाई साहेबाला सलूट देतो. तो मेला की जनरलसुद्धा त्याला देतो. तुमी तर त्याच्या प्लाटूनचे सरदार. एकाहत्तरच्या लढाईत तो तुमच्या हाताखाली पडला. म्हणूनच सैनिक बोर्डात चौकशा करून करून तुमचा पत्ता काढला आणि एवढ्या लांबून तुमाला बोलावलं.

जेवतानाही तुमचं लक्ष नव्हतं. भुजंगच्या बायकोनं, भागूबाईनं, ताट वाढलं तेव्हा तुमी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि अर्धी भाकर ताटात ठेवून उठलात. आमच्या आईला, धुरपताबाईला, वाटलं की कालवण तिखट झालं. मला तसं वाटलं नाही.

खुलासा करावा. वाट बघतो.

उमाजी

*

झरी
१४ सप्टेंबर १९८५

सुभेदार साहेबांस जय हिंद.

आपलं कार्ड मिळालं. त्यात एवढंच आहे: "शिळेचं काम चांगलं झालं. आईला नमस्कार सांगा. जुनं उकरण्यात अर्थ नाही."

साहेब, उकरणं हा शब्द माणूस कधी लिहितो? खाली काहीतरी पुरलेलं असलं तर.

मी आठ दिवस ते कार्ड खिशात घेऊन मेंढरांमागं हिंडलो. आता स्पष्टच विचारतो. भुजंग पळाला होता का? गोळी त्याला समोरून लागली का पाठीत? त्याच्या मरणाचा कागद आला तेव्हा त्यात "शत्रूशी लढताना" असं होतं. पण कागद कसे होतात ते मी हपिसांच्या दारात उभं राहून बघितलेलं आहे. मेलेल्याच्या आईला कोणी वाईट लिहीत नाही.

तुमाला एक सांगतो. आमी हाटकर धनगर, पिढीजात मेंढरंवाले. भुजंग दहा-बारा वर्षांचा असताना कळपात लांडगा शिरला, तर हा मेंढरं टाकून बाभळीवर चढला होता. काट्यांनी अंग फाटलं होतं त्याचं. आमी ही गोष्ट घरात हसत हसत सांगायचो. तो फौजेत गेला तरी सांगायचो, तोही हसायचा. आता ती आठवते आणि हसू येत नाही. तुमी हात उचलला नाही आणि माझा भाऊ मला बाभळीवर दिसायला लागला.

मी सहजासहजी त्याला मेला मानला नव्हता, हेही ऐका. आधी तार आली ती "लापता" अशी. दुसऱ्या वर्षी दोन्हीकडचे कैदी सोडले, तेव्हा मी पंजाबात होतो. मी साहेबाच्या हातापाया पडून वाघा बॉर्डरच्या फाटकावर बंदोबस्ताची ड्यूटी मागून घेतली. आपली माणसं फाटकातून येत होती. कोणी जमिनीला हात लावत होतं, कोणी नुसतंच रडत होतं. मी प्रत्येकाचं तोंड बघितलं. दाढीतलं तोंड, पट्टीतलं तोंड. फाटक बंद झालं तरी मी तिथंच होतो. भुजंग आला नाही. मग मरणाचा कागद आला, तेव्हा मी आईला सांगितलं की आता रडून घे.

एवढं करून जो मेला मानला, तो कसा मेला ते मला कळायला पाहिजे. बाया आता जातायेता शिळेवर फूल ठेवतात. मी परवापासून मेंढरं घेऊन मागच्या वाटेनं जातोय.

लिहा. वाईट असलं तरी लिहा.

उमाजी

*

झरी
२३ ऑक्टोबर १९८५

सुभेदार साहेबांस.

दुसरं कार्ड मिळालं. "भुजंग पळाला नाही. तो शूर होता. यापुढे विचारू नका, तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

पळाला नाही, शूर होता, तरी सलूट नाही. मग खोट त्याच्यात नाही. उरलो आमी.

आता मी माझ्याकडचं एक पान उलटं करतो. पहिल्या पत्रात मी भागूबाईला भुजंगची बायको लिहिलं. ते मुद्दाम लिहिलं होतं. गेटवर संशयिताला आधी आपणहून सांगायचं नसतं, तो काय बोलतो ते बघायचं असतं. तुमी काहीच बोलला नाही. भागूबाई माझी बायको आहे. भुजंगच्या मरणाचा कागद आल्यावर वर्षानं, चौऱ्याहत्तर साली, जातपंचांसमोर आमचा पाट लागला. आमच्यात धाकट्या दिरानं पाट लावणं रीतीचं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. भुजंगची मुलगी नर्मदा तेव्हा मांडीवर होती. पुढं आमाला दोन मुलं झाली.

तुमी ताटावरून तिच्या कपाळाकडं बघितलं ते मी पाहिलं होतं. तिचं कुंकू बघितलं, मंगळसूत्र बघितलं, दारात खेळणारी पोरं बघितली आणि भाकर ठेवली. मग मला वाटलं, की यांना फोटोसमोर उभं राहतानाच कोणीतरी कानात सांगितलं असणार. ज्याच्या बायकोनं धाकट्या भावाशी पाट लावला, त्या घरात कसली सलामी, असं तुमच्या मनात आलं असणार. तसं असेल तर सांगा. तुमच्या मुलखात हे चालत नसेल, आमच्यात चालतं. पण मग शिक्षा आमाला करा, त्याला का केली?

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहू का नको, असं चार दिवस झालं.

आईचं म्हणणं असं की, जेवण झाल्यावर तुमी मागच्या अंगाला हात धुवायला गेलात तेव्हा भागूबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेली, आणि तुमी दोघं लय वेळ तिथं उभे होता. मी तेव्हा दिनकररावांना सोडवायला फाट्यावर गेलो होतो. मी भागूबाईला विचारलं. ती म्हणाली, "पाणी दिलं हातावर. दुसरं काय?"

हात धुवायला लय वेळ लागत नाही.

त्या दिवसापासून तिच्यात फरक आहे. भाकर थापता थापता हात थांबतो आणि तवा तापून धुरावतो. परभणीची गाडी फाट्यावर थांबली की ती दारात येऊन उतरणाऱ्या माणसांकडं बघते. कोणाची वाट बघतीस विचारलं तर म्हणते, कुणाची न्हाई. परवा टपालवाला आला तर माझ्या आधी ती उठली. तिला अक्षर येत नाही, पण नर्मदा सातवीत आहे, तिला वाचता येतं.

साहेब, तुमी तिला वेगळं काही लिहिताय का? तुमच्या वयाकडं बघून मी भलतासलता शक घेत नाही. पण माझ्या घरात मला ठाऊक नसलेलं काहीतरी आहे, आणि ते तुमी येऊन गेल्यापासून आहे. हे मी कोणत्याही साहेबापुढं शपथेवर सांगीन.

उमाजी

*

मुक्काम पेडगाव शिवार
२० नोव्हेंबर १९८५

साहेब,

मेंढरं इकडं एका शेतकऱ्याच्या रानात बसवली आहेत. कातरण चालू आहे. हे पत्र घोंगड्यावर बसून लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर माफी.

मला कळलं. तिनं सांगितलं.

काल सकाळी ती मेंढीचे पाय धरून बसली होती आणि मी कातर चालवत होतो. पोरं घरी आईजवळ होती. मी मान वर न करता विचारलं, "सुभेदार काय बोलला तुला?"

"कवा?"

"कवा ते तुला म्हाईत हाय."

तिनं मेंढीचे पाय आवळून धरले. मी अर्धी पाठ कातरून काढली. मग म्हणाली, "म्याच इचारलं त्यायला. म्हणलं, समद्यायनी हात वर केले, तुमी का न्हाई केला?"

मी तुमाला तीन पत्रं लिहिली, कार्डावरच्या शब्दांचा कीस काढला. तिनं तांब्या ओतता ओतता तोंडावर विचारलं होतं.

पुढचं ती बोलली ते तुमच्याच तोंडचं आहे. तरी इथं लिहून काढतो, चुकलं असेल तर दुरुस्त करा. कालव्याच्या बंधाऱ्यावर तुमची प्लाटून होती. मागं हटायचा हुकूम आला. भुजंगच्या मांडीत गोळी होती, त्याला चालता येत नव्हतं. त्याला उचलायला एक जवान गेला तो तिथंच पडला. मग तुमी कोणाला जाऊ दिलं नाही. उजाडल्यावर तुमी पलीकडच्या काठावरून दुर्बिणीतून बघितलं. पाकिस्तानचे जवान भुजंगजवळ आले. एकानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली तोंडाला लावली. मग त्याला उचलून जीपमध्ये घातलं आणि जीप गेली. तुमी हे वर कळवलं. ज्या साहेबाला कळवलं ते दुसऱ्या दिवशी लढाईत पडले, आणि कागदावर नुसतं "लापता" राहिलं. पुढं लापताचं मयत झालं.

भुजंगच्या आईला हे सांगायचंच म्हणून तुमी झरीला आला होता. शिळा बघून घोटाळलात, आणि भागूबाईचं कुंकू बघून गप्प बसायचं ठरवलंत. पण तिनं सरळ विचारलं तेव्हा तुमाला खोटं बोलवलं नाही. तुमी म्हणालात, "मी त्याला मेलेला पाहिला नाही, बाई. न पाहिलेल्या मरणाला मी सलामी कशी देऊ?" आणि मग म्हणालात की हे कोणाला सांगू नको.

सगळं सांगून झालं तरी तिचे हात मेंढीच्या पायावरून सुटले नव्हते. मी विचारलं, "आन् हे तू माज्यापासून लपवलंस?"

ती म्हणाली, "सांगितलं आस्तं तर तुमी मला परत वैनी म्हणला आस्ता."

तेव्हा कुठं तिचे हात ढिले झाले. मेंढी सुटली आणि अर्धी लोकर अंगावर लोंबत रानातून पळाली. आमी दोघंही उठलो नाही.

मला तुमच्यावर राग धरायचाय, पण कुठं धरावा ते कळत नाही. तुमी बोलला असता तरी घर मोडत होतं, गप्प बसला तरी मोडायला निघालंय. आता तरी सांगा, याच्या पुढचं तुमाला काही मालूम आहे का? का अजून एखादी गोष्ट शिल्लक ठेवली आहे, आमच्याच भल्यासाठी?

उमाजी

*

झरी
८ जानेवारी १९८६

सुभेदार भगवानराव साहेबांस.

आपलं लांब पत्र मिळालं. त्यापलीकडं काही मालूम नाही असं आपण देवाची आण घेऊन लिहिलं आहे. मला विश्वास ठेवायचा आहे. सवयीमुळं उशीर लागतोय एवढंच.

आमच्याकडचं सांगतो.

भागूबाईचं म्हणणं खरं निघालं. मी तिला वहिनी म्हणालो नाही, पण दुसरं काही म्हणणंही मला जमेना. पेडगावहून परत आल्यावर मी घरात झोपत नव्हतो, मेंढरांजवळ झोपत होतो. ताट तिनं आणून ठेवलं तर ती आत गेल्यावर ओढून घ्यायचो. तिच्या हाताला माझा हात लागू नये म्हणून जपायचो. जणू भुजंग ओट्यावर बसून बघतोय.

परभणीला सैनिक बोर्डात गेलो. तिथल्या बाबूनं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, आपली काही माणसं तिकडच्या तुरुंगात राहिली असं पेपरात येतं, पण कोण कुठं हे कोणालाच धड मालूम नाही. तुमचं म्हणणं सांगितल्यावर म्हणाला की सुभेदारांनी तसं लिहून सही केली तर दिल्लीला पाठवू, होईल ते होईल. घरी येताना गाडीत मी खिडकीला डोकं टेकून एकच विचार करत होतो. तो तुमाला सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखा नाही. भुजंग जिवंत निघावा असं मला वाटतं का? वाघ्याच्या फाटकावर उभा होतो तेव्हा वाटत होतं, दुसरं काही वाटतच नव्हतं. आज वाटतं, आणि न निघालेला बरा असंही वाटतं. दोन्ही एकदमच होतं.

आईनं एक दिवस मला कळपाजवळ येऊन गाठलं. बिचारीला गुडघ्यांनी चालवत नाही, तरी काठी टेकत आली. म्हणाली, घर सोडून हितं का झोपायलास? मग मी तिला सगळं सांगितलं. मला भीती होती की हिला हे सोसणार नाही. ती काठी आडवी ठेवून खाली बसली. तिनं पहिलं एवढंच विचारलं, की ज्यानं पाणी पाजलं त्याला लेकरंबाळं असतील का. मी म्हणालो, मला काय मालूम. ती म्हणाली, असतील, असतील.

मग उठता उठता म्हणाली, "एका लेकराला जित्तं करायसाठी दुसऱ्याला मेल्यावानी वागवू नगं. तिलाबी नगं."

मी त्या दिवशी घरात जेवायला बसलो. भागूबाईनं वाढलं. पोरं झोपायला गेली नव्हती, नर्मदा चुलीजवळ बसली होती. मी सगळ्यांदेखत विचारलं, की उद्या तो दारात उभा राहिला तर काय करायचं. मला वाटलं ही रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "त्यो आला तर त्यो काय म्हणायचं ते म्हणल. तवर मी कुणाची ते मी सांगीन. पंचायनी सांगायचं न्हाई, तुमी सांगायचं न्हाई, आन् त्या सुभेदारानंबी न्हाई." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

नर्मदानं सगळं ऐकलं. ती मला अप्पा म्हणते. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिनं विचारलं, "अप्पा, त्यांचा पाय बरा झाला आसल का हो?" मी म्हणालो, आसल. ती गेली. तिनं मला अप्पा म्हणायचं सोडलं नाही, हे मी कान देऊन ऐकलं.

शिळेबद्दल दिनकररावांशी बोललो. ते म्हणाले, झालेलं झालं, आता मरणाची तारीख खोडायला लागलो तर गावात दहा तोंडं दहा गोष्टी बोलतील. त्यांचंही खरं आहे. राहू द्या म्हणालो. त्यांना माझा थोडा शक आला असावा, की हा पेन्शनीसाठी काहीतरी भानगड करायलाय. येऊ दे. मी पुष्कळांचा घेतला.

आता मुद्द्याचं. सही घ्यायला मी एकटाच येणार होतो. भागूबाई म्हणाली, मीबी येते. तिला तुमाला विचारायचं आहे की पाणी तो प्याला का तोंडातून सांडलं, जीपमध्ये घालताना ओरडला का, कुणाचं नाव घेतलं का. एवढ्या लांबून ऐकू आलं नसणार, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, दिसलं तर आसल. संक्रांत झाली की आमी दोघं निघतो. मनमाडवरून पुण्याला आणि तिथून एस.टी.नं. ती जन्मात सेलूच्या पलीकडं गेलेली नाही, आणि आतापासून भाकरीचं पीठ वेगळं काढायलीय.

माझी एक विनंती आहे. आमी आल्यावर तिला आत बायकांत बसवू नका. मला ओसरीवर नेऊन, हे तिला सांगू नको म्हणून काही बोलू नका. आणि ती पाणी द्यायला उठली तर तिलाही बाजूला घेऊन, हे त्याला सांगू नको म्हणू नका. तुमचा हेतू चांगला होता, हे आता मी मानतो. पण चांगल्या हेतूनं एकेकाला वेगळं सांगितलेलं आमच्या घराला पुरलं.

बरं असो, वाईट असो, जे असेल ते दोघांना एकाच घोंगड्यावर बसवून सांगा. मी काही विसरलो तर ती विचारेल. ती अडखळली तर मी विचारीन.

येतो.

उमाजी
आणि त्याच्या शेजारी, माझ्यादेखत, नर्मदानं धरलेल्या हातानं भागूबाईचा अंगठा